मधलं कातडं

१

गुरुवारी सकाळी इलमाने गावाच्या हॉलचं दार उघडलं. चहाचं आधण ठेवावं म्हणून ती आत गेली आणि टेबलापाशीच थबकली.

टेबलावर पांघरूण पसरलेलं होतं, काल संध्याकाळी ठेवलं होतं तसंच. केसाळ बाजू खाली, नक्षीची बाजू वर. फक्त मधोमध एक चौकोन रिकामा होता आणि त्यातून टेबलाचं प्लायवूड दिसत होतं. एक अख्खं कातडं कुणीतरी काढून नेलं होतं.

पॉसम या झाडावरच्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांचं ते पांघरूण बायकांनी हिवाळाभर बसून शिवलं होतं. नदीच्या वळणावरच्या त्या वस्तीतल्या, म्हणजे बेंडवरच्या, प्रत्येक घराने आपलं एक कातडं दिलं होतं आणि त्यावर तापल्या तारेने डागून, गेरू भरून आपल्या घराची नक्षी काढली होती. कुणाचं नदीचं वळण, कुणाच्या आजोबांचा मासे अडवायचा बांध, कुणाचं वीज पडलेलं रेड गमचं झाड. शनिवारी ते जमिनीत जायचं होतं. परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयात शंभरावर वर्षं पेट्यांत पडून राहिलेली जुनी माणसं, म्हणजे त्यांची हाडं, अखेर परत आली होती. वाळूच्या टेकडीवर खड्डा तयार होता. त्यांना ह्या पांघरुणात गुंडाळून निजवायचं ठरलं होतं.

गेलेलं कातडं डल्सीमावशीचं होतं. चौकटीत चौकट, कोपऱ्याकोपऱ्यात पाकळ्या, आणि चौकटी ओलांडून पसरलेला, एक फाटा हातासारखा वाकलेला पाणवठा. तीन वर्षांच्या डल्सीला सरकारच्या वेलफेअर खात्याच्या गाडीने आईजवळून उचलून नेलं, तेव्हा तिच्यापाशी आईची एवढीच आठवण राहिली होती, असं सगळं गाव जाणत होतं. ती नक्षी दवाखान्याच्या भिंतीवर होती, फुटबॉलच्या जर्सीवर होती, पोरांच्या दंडावर गोंदलेली होती.

इलमाने वाकून शिवणीच्या कडा बघितल्या. चाकू कुठेच लागला नव्हता. टाका न् टाका उसवलेला होता, शेजारच्या कातड्यांना ओरखडाही नव्हता. तिने पांघरुणाची कड उचलली. खाली आगपेटीची एक काडी होती आणि तिच्यावर उसवलेला सगळा दोरा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा नीट गुंडाळून ठेवलेला होता.

चोर दोरा परत ठेवून गेला होता.

२

पोलिसांना बोलवायचं नाही, यावर गावाचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. इलमाचा जन्म पोलीस ठाण्यातच गेला होता. आपली माणसं आत आणली की त्यांच्या आईला फोन करायचा आणि त्यांना चहा द्यायचा, हे तिचं काम होतं. निवृत्त झाली तरी लोक अजूनही तिच्याकडे ती अर्धी पोलीसच असल्यासारखं बघत.

डल्सीमावशी हॉलच्या पायरीवर बसली होती. ती रडत नव्हती.

"तू शोध," ती म्हणाली. "कुणी नेलं ते मला हवंय. आणि शनिवारपर्यंत मी दुसरं कातडं करते. आईची नक्षी पांघरुणात जाणारच."

दार फोडलेलं नव्हतं. किल्ली मागच्या नळाजवळ खिळ्याला असे, आणि ते शिवायला येणाऱ्यांनाच माहीत होतं. ते आणि त्यांना आणणारे-नेणारे, बस्स. दुपारपर्यंत गावाने चोर ठरवूनही टाकला होता. टायसन.

टायसन म्हणजे शिवणाऱ्यांतल्या जॉयसचा भाचा. जुनी जीपगाडी, दोन कुत्री, पोरांच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक. मागच्या सभेत तो खुर्चीवर उभा राहून ओरडला होता, "मेलेल्यांना ऊब कशाला? आपली पोरं कोठडीत कुडकुडतात, त्यांच्या अंगावर टाका!" त्यावर डल्सीने त्याला हॉलबाहेर काढलं होतं.

तो नदीच्या उतारावर मासे साफ करत होता. जीपची समोरची काच फुटून तिचा चुरा झालेला इलमाने येतानाच पाहिला होता.

"मावशी, तो पोलिसी आवाज लावणार असशील तर आल्या वाटेनं जा," तो मान वर न करता म्हणाला.

"काच कुणी फोडली?"

"ज्यांना मी पास द्यायला शिकवलं त्यांनी. नेम चांगला आहे पोरांचा." त्याने माशाचं आतडं पाण्यात भिरकावलं. "मी नेलं असतं तर अख्खं पांघरूण नेलं असतं आणि सांगून नेलं असतं. भोक पाडून काय करू, डोकं घालू?"

"कुणीतरी उसवलंय ते. टाका टाका करून."

टायसनने चाकू धरलेले दोन्ही हात पुढे केले. बोटं जाड, कापलेली, खवल्यांनी चिकटलेली. "माझ्या पँटीचं बटण माझी आई लावते. विचार तिला. पण तू विचारून उपयोग नाही, मावशी. त्यांना मीच पाहिजे आहे."

ते खरं होतं, आणि इलमाला त्याचंच वाईट वाटलं.

३

फिलिपा ही शहरातल्या संग्रहालयातली बाई. हाडं परत आणायला तीच वर्षानुवर्षं भांडली होती आणि आता गावातल्या मोटेलात उतरली होती. ते पांघरूण पुरू नका, आमच्याकडे जपायला द्या, असंही तिनेच एकदा सुचवलं होतं. त्या दिवशी तिला कुणी बिस्किटसुद्धा विचारलं नव्हतं.

"मला हवं होतं, नाही म्हणत नाही," फिलिपा म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "पण मी असं करीन? ह्या माणसांना पेट्यांतून बाहेर काढायला मी माझी नोकरी पणाला लावली. आणि भोक पडलेलं पांघरूण मला काय कामाचं?"

"कुणी काही विचारलं होतं तुला पांघरुणाबद्दल? वेगळं, चमत्कारिक?"

फिलिपाने कपाळ चोळलं. "एका आजींनी विचारलं होतं. हे जमिनीत किती वर्षं टिकतं म्हणून. मी म्हटलं, वाळू कोरडी आहे, पुष्कळ टिकेल, तुमची नातवंडं म्हातारी होईपर्यंत. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. पण त्या एकदम खालीच बसल्या."

"कोण आजी?"

"मला सगळ्यांची नावं अजून..." फिलिपा ओशाळली. "स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या."

स्वयंपाकघराच्या दारात सगळ्याच उभ्या असत.

जॉयसने मात्र इलमाला बसही म्हटलं नाही. बेंडवर डल्सीशी उघड भांडण असलेली ती एकटीच, आणि सगळ्यात बारीक टाकाही तिचाच.

"आलीस? ये. भाच्यानं नाही तर आत्यानं, असंच ना?"

"तुझं आणि डल्सीमावशीचं कशावरून वाजलं?"

"पाण्यावरून." जॉयसने भाकरीचं पीठ आपटलं. "तो वाकड्या हाताचा पाणवठा. ती म्हणते आमच्या आईच्या मुलखातला. अगं, माझा बाप ही नदी दोन्ही काठांनी चालला होता. मी त्याच्याबरोबर चालले. तसा पाणवठा ह्या नदीवर नाही. वर नाही, खाली नाही, पूर आल्यावरही नाही. मी एकदा तसं बोलले आणि सगळ्या गावाने मला फाडून खाल्लं. तिची आई, तिची आठवण, तू कोण बोलणारी!"

"मग कुठलं पाणी आहे ते?"

"ते मला काय विचारतेस? तीन वर्षांचं पोर. त्याला काय आठवणार?" जॉयसचा हात थांबला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी तिचं कातडं नेलं नाही, इलमा. त्याच्या दोन्ही बाजूचे टाके मीच घातले होते. खोटं पाणी असलं तरी बाई खरी आहे."

४

डल्सीमावशी अंगणात नवं कातडं घेऊन बसली होती. तापलेली तार कातड्यावरून फिरत होती आणि जळक्या केसांचा वास सुटला होता. चौकटीत चौकट. हात जराही अडखळत नव्हता.

"मावशी, आई ही नक्षी कशावर काढायची?"

"पांघरुणावरच असणार. दुसरं काय?"

"तुला नेमकं काय आठवतं?"

डल्सीने तार निखाऱ्यात ठेवली. तिचा चेहरा उजळला, लहान झाला. "मी उताणी निजलेय. माझ्या वर ती नक्षी आहे. उंचावर, आभाळासारखी. सकाळचं ऊन एका बाजूनं आलं ना, की रेघा उठून दिसायच्या. बोट लावावंसं वाटायचं, पण हात पोचत नव्हता. आणि कुणीतरी कानाशी म्हणायचं, हे आपलं घर, हे आपलं पाणी. ती आईच."

बोलता बोलता तिने मांडीवरच्या शिवणातला चुकलेला दोरा उसवला. खिशातून आगपेटीची काडी काढली. दोरा तिच्यावर आठाच्या आकड्यात गुंडाळला आणि काडी खिशात टाकली.

इलमाने त्या खिशाकडे बोट केलं.

"हे असं गुंडाळायला कुणी शिकवलं, मावशी?"

"हे? होममध्ये. सगळ्या मुलींना असंच करावं लागायचं. दोरा फेकला तर जेवण नाही." डल्सी हसली. "एवढी वर्षं झाली, हात ऐकतच नाही."

वेलफेअरने उचललेल्या मुलींना ज्या होममध्ये ठेवत, तिथून परत आलेल्यांपैकी बेंडवर आता दोघीच जिवंत होत्या. एक डल्सी. दुसरी तिची थोरली बहीण मर्टल. संधिवाताने बोटं वाकली म्हणून शिवायला न बसणारी, हिवाळाभर स्वयंपाकघराच्या दारातून सगळ्यांना चहा देणारी मर्टल.

५

नाव हातात आलं होतं, पण कारण कुठं होतं? मर्टलने बहिणीसाठी काय केलं नव्हतं? लग्न केलं नाही, धाकटीची पोरं वाढवली, तिच्या चित्रांच्या चौकटी पाठीवर वाहिल्या. अशी बाई बहिणीचं काळीज पांघरुणातून उसवून काढील?

पांघरूण आणि उंचावर. इलमाला तेवढंच टोचत राहिलं. पांघरूण अंगावर असतं, त्याला लहान मुलाचा हात पोचतो. ज्याच्याकडे बघावं आणि हात पोचू नये, ते पांघरूण नव्हे.

शुक्रवारी सकाळी ती गाडी काढून दुसऱ्या टेकडीवरच्या जुन्या होमकडे गेली. तिथे आता लग्नं लागत. गुलाबाचे ताटवे, पांढऱ्या खुर्च्या, फाटकाशी केक आणि कॉफीचं दुकान. मुली झोपत ते लांब दालन आता मेजवानीचा हॉल होता. तिथली तरुण व्यवस्थापक बाई हौसेने पुढे आली.

"लग्न ठरलंय का घरात? आमचं छत बघा ना. नक्षीचे ठसे उठवलेला पत्रा, अगदी मूळचा. फोटोत फार सुंदर येतो."

इलमाने वर बघितलं. मग ती खुर्च्यांच्या मधल्या जागेत, त्या चकचकीत फरशीवर, उताणी आडवी झाली.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" ती मुलगी घाबरली.

पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन तिरपं येत होतं आणि पत्र्यावरच्या उठावाच्या रेघा एकेक करून जाग्या होत होत्या. चौकटीत चौकट. कोपऱ्याकोपऱ्यात पाकळ्या. आणि मधोमध, कुठल्याशा जुन्या गळतीने चौकटी ओलांडून पसरलेला एक तांबूस डाग. त्याचा एक हात कोपरात वाकलेला होता.

"तो डाग आम्ही मुद्दाम ठेवलाय," मुलगी म्हणाली. "जुनेपणा वाटतो."

६

मर्टल व्हरांड्यातल्या खाटेवर बसली होती. होममधून आल्यापासून ती घरात कधी निजली नव्हती. थंडी असो, पाऊस असो, बाहेर. लोक म्हणत, म्हातारी विक्षिप्त आहे.

इलमा तिच्या शेजारी बसली.

"तू तिथं गेलीस," मर्टल म्हणाली. "गुलाबाचा वास येतोय कपड्यांना."

"गेले होते, मावशी."

"आडवी पडलीस?"

"पडले."

मर्टलने मान हलवली. वाकडी बोटं तिने लुगड्यासारख्या मोठ्या शालीत लपवली. "फार रडायची गं ती. रडलं की मार बसायचा, आणि मला तिच्या खाटेवर जायची बंदी. मग पहाटे उजाडलं की मी वाकून तिच्या कानात सांगायचे. वर बघ, आईनं आपल्यासाठी काढून ठेवलंय. हे आपलं घर, हे आपलं पाणी. गप्प बसायची. बोट वर करून हसायची. मला वाटलं, मोठी झाली की विसरेल."

"विसरली नाही."

"ती रंगवायला लागली." मर्टल थांबली. "पहिलं चित्र मला दाखवलं तेव्हा मी मागं जाऊन ओकले. पण तिचं तोंड बघितलंस ना तू? काय सांगायचं होतं मी? भिंतीवर असू दे म्हटलं. जर्सीवर असू दे. पोरांनी गोंदवून घेतलं, तेही गिळलं. पण ह्या माणसांना, इलमा? शंभर वर्षं कुणाच्या तरी इमारतीत कोंडलेली, आत्ता कुठं सुटून आलेली. त्यांच्या अंगावर मी पुन्हा होमचं छत घालू? मातीखाली, कायमचं?"

"आणि तुमच्या आईची नक्षी? खरी?"

"मला काय ठाऊक? मी नऊ वर्षांची होते. आई लोकांचे कपडे धुवायची. तिचे हात आठवतात, साबणानं पांढरे पडलेले, आणि ते गाडीच्या काचेवर. बस्स. नक्षी होती का नव्हती, देव जाणे."

"कातडं कुठंय?"

"जाळवलं नाही. तिच्या हातचं होतं. दगड बांधून नदीत सोडलं."

इलमाने डोळे मिटले. "मावशी, ती दुसरं करतेय. आज पुरं होईल. उद्या सकाळी जॉयस टाके घालणार."

मर्टलचा चेहरा राखेसारखा झाला.

"आणि टायसनची काच फोडलीय," इलमा म्हणाली. "आज काच, उद्या तो. मला नाव सांगावंच लागेल."

म्हातारी गुडघ्यावर हात दाबून उठली.

"नाव तू सांगू नकोस, मी सांगते. कारणही मीच सांगेन. तू फक्त तोंड उघडू नकोस. कधीच. ती आधी मेली तरी नाही, मी आधी मेले तरी नाही. आहे कबूल?"

इलमाने कबूल केलं. पुढे आयुष्यभर तिला वाटत राहिलं की घाई केली.

७

संध्याकाळी उन्हं असतानाच सगळे हॉलमध्ये जमले. डल्सी नवं कातडं मांडीवर घेऊन पुढे बसली होती. टायसन दारापाशी उभा होता, कुणी त्याच्या शेजारी उभं राहत नव्हतं.

मर्टल टेबलापाशी गेली. चहाची किटली हातात नसलेली मर्टल लोकांनी क्वचितच पाहिली होती.

"कातडं मी काढलं," ती म्हणाली. "आणि नदीत टाकलं. टायसनला सोडा."

डल्सी हसली, म्हातारीने काहीतरी थट्टा केली असं समजून. मग तिचं हसणं विरलं.

"नवं केलंयस ते पण लागणार नाही," मर्टल म्हणाली. "नक्षी आईची आहे. मी थोरली. आईची नक्षी कुठं जाईल आणि कुठं नाही, हे थोरलीनं सांगायचं असतं. मी परवानगी देत नाही."

रीतच तशी होती. घराच्या नक्षीवर थोरल्याचा शब्द शेवटचा. तो मोडला तर बाकीच्या कातड्यांनाही अर्थ उरला नसता. जॉयसने तोंड उघडलं, इलमाकडे बघितलं आणि मिटलं.

"का?" डल्सीचा आवाज फुटला. "ताई, का?"

"मला विचारलं नाहीस."

"सगळा जन्म काढतेय मी ती! तेव्हा का नाही बोललीस?"

"आता बोलतेय."

"तू जळतेस का गं माझ्यावर? लोक माझं नाव घेतात म्हणून? सांग ना, जळतेस?"

मर्टलने तिच्याकडे पाहिलं. इलमाला वाटलं, आता ही मोडणार, आता सांगणार.

"हो," मर्टल म्हणाली. "जळते."

डल्सी उठली. कातडं तिने खुर्चीवर ठेवलं, अगदी नीट, कड दुमडू न देता. बहिणीच्या जवळ गेली आणि सगळ्यांदेखत तिच्या पायाशी थुंकली. मर्टल तशीच उभी होती. लोक तिच्या दोन्ही अंगांनी, तिला न शिवता, बाहेर गेले.

शनिवारी जुनी माणसं वाळूत निजली. मधल्या चौकोनात जॉयसने एक कोरं कातडं शिवून दिलं होतं. मर्टलला कुणी बोलावलं नाही. ती लांब रस्त्यावर उभी असलेली इलमाला दिसली, पण इलमा तिच्याकडे गेली नाही. सगळे बघत होते.

टायसनची माफी कुणीच मागितली नाही. महिन्याभरात तो कुत्री घेऊन शहराकडे गेला आणि पोरांच्या संघाला प्रशिक्षक उरला नाही.

त्यानंतर डल्सी एकदा इलमाकडे आली. उन्हाळा सुरू झाला होता. तिने नवं चित्र आणलं होतं, पाणवठा पूर्वीपेक्षा मोठा, त्याचा वाकडा हात कॅनव्हासच्या कडेपर्यंत गेलेला.

"एक बरं झालं," ती खुर्चीत बसत म्हणाली. "मला आतून कधीकधी शंका यायची. जॉयस बोलायची ना, ते डोक्यात राहायचं. पण ताईनं भर सभेत सांगितलं, नक्षी आईची. ती नऊ वर्षांची होती, तिला आठवत असणार. आता मला कुणी खोटं म्हणू शकत नाही."

"हं," इलमा म्हणाली.

"तिला आईचं किती आठवत असेल गं? आवाज, गाणी, काय रांधायची, सगळं. एवढं सगळं जवळ असून त्या बाईनं जन्मात मला एक शब्द दिला नाही." डल्सीने डोळे पुसले. "कशी असतात ना माणसं. स्वतःपाशी भरपूर असलं तरी दुसऱ्याला देववत नाही."

इलमाने कप तिच्याकडे सरकवला आणि चहा गार होतोय, एवढंच म्हणाली.